कागद ही अमानत आहे
आजोबांचा सातबारा, आईवडिलांचा निकाहनामा, शाळेचे दाखले. कागदाची किंमत मुस्लिम घराला वेगळी सांगावी लागत नाही. हे सारे स्कॅन करून घरच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्यांनी यंत्र बदलताना घाई करू नये. 'रेड' म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल मिररच्या दोन्ही डिस्कवरून जाते. आधी वेगळ्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्या आणि उघडून पाहा. सेटिंग्जची फाइल व एन्क्रिप्शनची किल्ली सर्व्हरबाहेर ठेवा. झेडएफएस असेल तर जुन्या यंत्रावर पूल एक्स्पोर्ट, नव्यावर इम्पोर्ट, मग स्क्रब करून सारा डेटा तपासा. महिनाभर सर्व सुरळीत चालेपर्यंत ती प्रत पुसू नका. अमानत सांभाळायची तर एवढा सब्र हवाच. आणि मूळ कागद? ते कपाटातच राहू द्या; स्कॅन त्यांची जागा घेत नाही.