मेला त्याची आई कुठे होती?

परवा घरभेटीस गेलो असता एका घरी दूरदर्शन संचावर 'वास्तव' चालू होता. अखेरीस आई आपल्याच रघूवर गोळी झाडते, तेव्हा सारे कुटुंब डोळे पुसू लागले. रघूने ज्यांना ठार केले, त्यांच्या घरच्या शोकाची आठवण मात्र कुणालाच झाली नाही.

गुन्हेगारीपट कुटुंबपरंपरेचा ऱ्हास दाखवितात, असे म्हटले जाते. माझा आक्षेप निराळा आहे. ते घरातील माया दाखवितात. परंतु ती माया उंबरठ्याच्या आतच कोंडून ठेवतात.

१९५७ च्या 'मदर इंडिया'तील राधाही आपल्या बिरजूला गोळी घालते. पण कोणासाठी? ज्या सावकाराने तिला छळले, त्याच्याच मुलीला बिरजू लग्नाच्या दिवशी पळवून नेत असतो, म्हणून. वैऱ्याची लेकही तिला गावाची लेक वाटते. १९९९ च्या 'वास्तव'मधील आई गोळी झाडते, ती मुलाची यातनांतून सुटका व्हावी म्हणून. ४२ वर्षांत आईच्या हातची बंदूक राहिली. परक्याची लेक मात्र पडद्यावरून नाहीशी झाली. खरा ऱ्हास तो हाच.

'गॉडफादर' (१९७२) मध्ये मायकल भाच्याच्या स्नानसंस्कारास धर्मपिता म्हणून उभा राहतो व सैतानाचा त्याग करतो. त्याच वेळी बाहेर त्याच्या हुकमाने माणसे मारली जातात. दिग्दर्शकाने ते ढोंग उघडे पाडले आहे. आपण मात्र 'सारे कुटुंबासाठीच केले' असे म्हणत उठतो. आईबापांचा मान राखण्याची चौथी आज्ञा पाळली, म्हणून खून न करण्याची पाचवी आज्ञा रद्द होत नाही.

हे मुंबईचे वा अमेरिकेचे दुखणे समजू नका. आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी दारू चोरून विकली जाते. ती विकणारा मुलगा बहिणीच्या लग्नाचा खर्च उचलतो, तेव्हा हा पैसा कोणाची चूल विझवून आला, असे घरात कोणी विचारीत नाही. आणि त्याच पैशातील देणगी सणाला आली, तर आम्ही धर्मगुरू तरी कुठे विचारतो?

रोज रात्री जपमाळेची प्रार्थना झाली, मुलांनी वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेतला, एवढ्याने परंपरा टिकत नाही. शेजारच्या घरातील रडणे ज्या घरात ऐकू येते, तेथेच ती जिवंत असते. पालकहो, यापुढे असा चित्रपट संपला की मुलांना एवढेच विचारा : जो मेला, त्याची आई कुठे होती?