चार पिशव्या तांदूळ आणि संगणकाचा मुनीम

मंडळी, २० जुलै २०२३ आठवतो ना? भारत सरकारने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि इथे अमेरिकेत आपल्या देशी दुकानांतून सोना मसुरी दिसेनाशी झाली. आम्हीही धावलो. गरज एका पिशवीची होती, आणल्या चार. (एकीला पुढे किडे लागले, ते सांगायलाच नको.)

दुकानांच्या अशा खरेदीचा कारभार आता ‘सॉफ्टवेअर एजंट’ सांभाळू लागले आहेत. हा नुसता हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम नव्हे. फळीवर माल किती, जहाज कुठवर आले, भाव काय, हे पाहून तो आपणहून ऑर्डर देतो. घासाघीससुद्धा करतो! वॉलमार्टने २०२१ मध्ये कॅनडात ८९ पुरवठादारांशी बोलणी करायला असा प्रोग्रॅम लावला, तर ६४ टक्क्यांशी सौदा जमला.

हुशारीबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याला दिसते काय? त्या आठवड्यात एजंटला एवढेच दिसले असते की तांदळाचा खप चौपट झाला. घरात खाणारी तोंडे तेवढीच आहेत, हे त्याला कोण सांगणार? तो वितरकाकडे चौपट मागणार, वितरकाचा एजंट आयातदाराकडे त्याहून जास्त. प्रॉक्टर अँड गॅम्बलला डायपरच्या बाबतीत हेच आढळले होते. बाळे तेवढीच, दुकानातली विक्रीही जवळपास स्थिर, पण घाऊक व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी भलत्याच वरखाली. याला ‘बुलव्हिप’ म्हणतात, म्हणजे आसूड. मूठ जरा हलली की टोक सपकन फिरते. तेव्हा ऑर्डरी माणसे देत होती. एजंट तीच चूक एका रात्रीत दहादा करील.

उपाय तसा माहीत आहे. दुकानदार, वितरक, आयातदार या सगळ्यांच्या एजंटांना एकमेकांची खरी विक्री आणि साठा दिसला पाहिजे. पण आपले गोदाम दुसऱ्याला उघडून दाखवणारा व्यापारी आम्ही तरी पाहिलेला नाही.

आमच्या दुकानदारकाकांनी तिसऱ्या दिवशी ‘घरटी एकच पिशवी’ अशी पाटी लावली, आणि विद्यार्थ्यांसाठी लहान पिशव्या गल्ल्यामागे ठेवल्या. त्या दिवशी गल्ला कमीच भरला असणार. उद्या काकांकडे एजंट आला तर रोजच्या ऑर्डरी त्याने खुशाल द्याव्यात. पाटी कधी लावायची, हे मात्र काकांनीच ठरवावे. आणि ती लागण्याआधी चार पिशव्या उचलणाऱ्या आम्हांला त्यांनी दारातच हटकले असते, तरी आमची हरकत नव्हती.