भाषा नांदते तिथली होते

चैत्राची पालवी डोंगरमाथ्यावर स्थिरावली आहे, काजूचा हंगाम ओसरू लागला आहे आणि गोव्यात पेडणे-डिचोलीच्या गावागावांत देवालयांचे वर्धापन दिन, पालख्या आणि रात्रीची नाटके यांची लगबग सुरू आहे. अशा दिवसांत येणारी २३ एप्रिल ही तारीख जगभर पुस्तक दिन म्हणून आणि संयुक्त राष्ट्रसंघात स्पॅनिश भाषा दिन म्हणून पाळली जाते. त्या दूरदेशीच्या भाषेशी आपले नाते काय, असे कुणाला वाटेल. पण इतिहासाने हे धागे केव्हाच गुंफून ठेवले आहेत.

‘दोन किहोते’चा कर्ता सर्वांतेस १६१६च्या एप्रिलमध्ये माद्रिदला निवर्तला. त्याच वर्षी आपल्या सासष्टीतल्या रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापून झाले. पोर्तुगालचा मुकुट तेव्हा स्पेनच्या तिसऱ्या फेलिपेच्या मस्तकी होता. राजा स्पेनचा, कारभार पोर्तुगीज, कवी जन्माने इंग्रज आणि ओवी मात्र मराठी! लोकांच्या अंतःकरणापर्यंत पोहोचायचे तर त्यांच्या परिचयाच्या ओवीचाच आधार घ्यावा लागेल, हे त्या परदेशी धर्मोपदेशकाने ओळखले होते.

स्पॅनिश आज वीस देशांची राजभाषा आहे. स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास, तर एकट्या मेक्सिकोची बारा कोटींहून अधिक. चिलीच्या गाब्रिएला मिस्त्राल यांना १९४५ साली, कोलंबियाच्या गार्सिया मार्केझ यांना १९८२ साली आणि दिल्लीत राजदूत म्हणून राहून गेलेल्या मेक्सिकोच्या ऑक्टाव्हिओ पाझ यांना १९९० साली नोबेल मिळाले, ते याच भाषेतल्या लेखनासाठी. त्यांनी माद्रिदकडे पाहत लिहिले नाही. आपली माती, आपली माणसे, आपली दुःखे यांना शब्द दिले आणि त्या शब्दांनी मूळ भाषाच श्रीमंत झाली. पराग्वेमध्ये तर ग्वारानी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांना १९९२च्या संविधानाने राजभाषेचा मान दिला आहे. घरात एक, लेखणीत दुसरी, आणि दोन्ही आपल्याच, हा अनुभव आपल्याला सांगायला नको.

तिकडे ती भाषा तलवारीच्या बळावर गेली, हे मात्र विसरता येत नाही. आपल्याकडे मराठी आली ती भजन-कीर्तनातून, पोथ्यांतून, शाळांच्या पाटीवरून. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली गेले; तोवर इथल्या देवळांत, दप्तरांत आणि घराघरांत मराठी मुरली होती. म्हणूनच सत्ता बदलली तरी भाषा टिकली. आजही जत्रेआधी देवळाच्या सभामंडपात तालीम पाहावी. नट आपसांत कोंकणीत थट्टामस्करी करतात, चहा मागवतात. पण पदाचा सूर लागला, संवाद सुरू झाला की सहजपणे मराठीत शिरतात. वहीतले पान हरवले तरी मागच्या पिढीतला कुणीतरी संवाद अचूक सांगतो. कोंकणी आणि मराठी यांच्यातला हा जिव्हाळा कुठल्याही वादापेक्षा जुना आणि खरा आहे.

पण वारसा केवळ सांभाळल्याने वाढत नाही. पेडण्याच्या सरकारी महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे. त्यांची पदे आपण गातो, पण त्यांच्यानंतरचे आपले जगणे किती लिहिले? डिचोलीच्या खाणींनी बदललेली शेते, नदीकाठची कुळागरे, मोप विमानतळाने पालटलेला पेडण्याचा पठारी भाग, गावातली पटसंख्या घटून ओस पडत चाललेली मराठी शाळा हे सारे शब्दांची वाट पाहत आहे. पुण्या-मुंबईकडून कुणी येऊन ते लिहील, ही अपेक्षा बाळगू नये. ते लिहिण्याचे ऋण आपल्यावरच आहे.

यंदाच्या पुस्तक दिनी आपण एवढे करू या. घरातल्या मुलाला मराठी पुस्तक हाती देऊ या, गावच्या वाचनालयाची वर्गणी भरू या, आणि ज्यांच्या हाती लेखणी आहे त्यांनी आपल्या वाड्याची एक तरी गोष्ट मराठीत लिहून काढावी. भाषा सरकारी राजपत्रात जिवंत राहत नाही. ती बोलणाऱ्या, वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसांच्या बळावरच टिकते.