निवृत्त गाड्यांची मैफल

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात यंत्रकामाच्या नोकरीस आहे. दर उन्हाळ्यात तो मला मोटारींच्या शर्यतीचे चित्रण पाठवितो आणि खाली लिहितो, “मास्तर, डोळे मिटून ऐका.” गाणे शिकविणाऱ्याला मोटारींचे काय सोयरसुतक, असे वाचक म्हणतील. प्रथम मीही तेच म्हटले होते. परंतु या शर्यतींनी माझ्या घरातल्याच एका चुकीवर बोट ठेवले, म्हणून हा लेखनप्रपंच.

या शर्यती आजच्या फॉर्म्युला वनच्या नव्हेत. 1966 ते 1985 या काळात फॉर्म्युला वनमध्ये धावून निवृत्त झालेल्या, उघड्या चाकांच्या, तीन लिटर इंजिनाच्या एकासनी गाड्यांचे ‘मास्टर्स’ नावाचे स्वतंत्र सत्र युरोपात भरत आले आहे. ब्रँड्स हॅच, सिल्व्हरस्टोन, झांडफोर्ट, स्पा अशा नामांकित धावपट्ट्यांवर या गाड्या पुन्हा उतरतात. त्यांना गुण मिळतात, आणि सत्राअखेर विजेता ठरतो. ढोबळमानाने 1978 पूर्वीच्या आणि नंतरच्या गाड्यांचे दोन वर्ग मानतात. कारण त्या सुमारास गाडीचे पोटच उलट्या पंखासारखे घडवून तिला वळणावर जमिनीशी जखडून ठेवण्याची युक्ती निघाली. युक्तीपूर्वीच्या आणि युक्तीनंतरच्या गाड्या एका मापाने मोजणे म्हणजे धृपद आणि ठुमरी यांना एकाच तराजूत घालणे होय. प्रत्येक गाडीजवळ तिच्या मूळ रूपाची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाचा दाखला लागतो. तिच्या काळात नव्हती अशी सुधारणा तिच्यावर करावयाची नाही, असा दंडक आहे. चालविणारे बहुतेक हौशी आणि अर्थातच सधन.

एवढे जुने यंत्र आज धावते तरी कसे? याचे उत्तर एका इंजिनात आहे. फोर्डच्या पैशाने कॉसवर्थच्या कीथ डकवर्थ यांनी रचलेले डीएफव्ही हे आठ नळकांड्यांचे इंजिन 1967 साली झांडफोर्टच्या धावपट्टीवर प्रथम उतरले आणि जिम क्लार्कने त्याच दिवशी त्यावर शर्यत जिंकली. 1983 पर्यंत या इंजिनाच्या घराण्याने 155 शर्यती जिंकल्या. पण मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच. पहिल्या वर्षी ते एकट्या लोटस संघाकडे होते; 1968 पासून ते इतरांनाही विकत मिळू लागले. लहानसहान कारखान्यांनी ते घेतले, उघडले, बिघडविले, दुरुस्त केले. शेकडो कारागिरांच्या हातांना त्याची ओळख झाली. म्हणूनच आज पन्नास वर्षांनी त्याची झडप कोठे अडते हे सांगणारा कान शिल्लक आहे. उलट 2014 नंतरच्या फॉर्म्युला वनच्या संकरित इंजिनांच्या गाड्या घ्या. कारखान्याचे अभियंते आणि त्यांचे संगणक हजर नसतील, तर त्या सुरू करणेही जवळजवळ अशक्य. त्या निवृत्त झाल्या की पुष्कळांच्या वाट्याला काचेचे घरच यावयाचे.

हे वाचून आमच्या लोकांना आपलेच काही आठवेल. ज्या उस्तादांनी चिजा उशाखाली ठेवल्या, त्यांच्या चिजा त्यांच्याबरोबर गेल्या. ज्यांनी मोकळ्या हाताने दिल्या, त्यांच्या आजही कुठल्याशा पोराच्या गळ्यात सापडतात.

आक्षेप घेणाऱ्यांचेही म्हणणे हलके नाही. 2022 च्या मे महिन्यात, निकी लाउडाने 1974 साली चालविलेली फेरारी घेऊन शार्ल लेक्लेर मोनॅकोत नुसत्या प्रदर्शनासाठी उतरला असता ब्रेक गेले आणि ती गाडी कठड्यावर आपटली. त्याहून वाईट म्हणजे, 2017 साली झांडफोर्टला जुन्या गाड्यांच्या शर्यतीत अपघात होऊन एका फ्रेंच चालकाचा पुढे प्राण गेला. गाडीचा पत्रा पुन्हा ठोकून घेता येतो. माणूस परत येत नाही. म्हणून ज्याला गाडीची मर्यादा कळते, जो इंजिनाला त्याच्या शेवटच्या दमापर्यंत ताणीत नाही, त्यानेच तिला हात लावावा. पण ही अट चालविणाऱ्यावर आहे. तिच्या नावाखाली गाडीच बंद करावी, हे मला पटत नाही.

आता माझी चूक सांगतो. माझे वडील पोरवयात बडोद्याच्या दरबारच्या कलावंतांत दाखल झाले. 1949 साली संस्थान विलीन झाले आणि ती चाकरी सरली. मिरजेची तंबोऱ्याची एक जोडी तेवढी घरी उरली. मी त्यांच्या उतारवयाचा मुलगा. ते गेल्यावर, मुलांच्या हातून मोडेल या भीतीने, जोडीतला चांगला तंबोरा मी एका संस्थेच्या काचेच्या कपाटात ठेवावयास दिला. दुसरा शिकवणीला राहिला. त्या दुसऱ्याचा भोपळा एका मुलीच्या हातून तडकला, तो सांधला. तारा तर किती वेळा बदलल्या याची गणती नाही. घोडी झिजली की कारागिराकडे नेऊन जवारी काढून आणतो. तो आजही बोलतो. गेल्या वर्षी मी पहिल्याला भेटावयास गेलो. एक ओरखडा नव्हता. परवानगी घेऊन तार छेडली, तर सुतळी ओढल्यासारखा आवाज आला. दोष कपाटाचा नव्हे. मागितले कोणी नव्हते, मीच दिला होता.

जवारी काढणाऱ्या कारागिराला मी हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “मास्तर, वाजणारा तंबोरा येतो म्हणून माझ्या मुलाला हे काम शिकविता येते. कपाटातला कशाला येईल?” निवृत्त गाड्यांच्या सत्राचे सारे मर्म मला या वाक्यात सापडले. ती मंडळी गाड्या जपतात असे आपण समजतो. वास्तविक ती गाड्या दुरुस्त करणारे हात जपतात. हात राहिले की गाड्या राहतात.

या शहरातील कितीतरी जुन्या घरांत आजोबांची सतार, आजीची पेटी, कोणाची सारंगी खोळीत घालून ठेवलेली आहे, हे मी जाणतो. दसऱ्याला तिच्यावर फूल पडते आणि खोळ पुन्हा बांधली जाते. वाचकहो, या वर्षी फूल वाहिल्यावर खोळ बांधू नका. वाद्य कारागिराकडे न्या, आणि नंतर घरातल्या एखाद्या मुलाच्या मांडीवर ठेवा. मोडेल, हे मी नाकारीत नाही. मोडले तर सांधता येते. माझा पहिला तंबोरा परत मागणारे पत्र मी कालच धाडले आहे.