सीमोल्लंघन, पण हिशेब करून

गोंडवाना विद्यापीठ, लॉईड्स मेटल्स आणि ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठ यांच्यात २०२५ साली सामंजस्य करार झाला आणि गडचिरोलीच्या तरुणांसाठी परदेशी तंत्रशिक्षणाचे दार किलकिले झाले. जंगल आणि मागासलेपण एवढीच ज्या जिल्ह्याची ओळख करून दिली गेली, तेथील मुलाने परदेशी अभियांत्रिकी पदवीचे स्वप्न पाहावे, ही आनंदाची बाब आहे. मात्र स्वप्नाला हिशेबाची जोड नसेल तर त्याची किंमत साऱ्या घराला मोजावी लागते.

चंद्रपूर-गडचिरोलीला यंत्रे नवी नाहीत. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची कागद गिरणी, भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना, गडचांदूर परिसरातील सिमेंटचे कारखाने, कोळशाच्या खाणी आणि आता सुरजागडचे लोहखनिज असा हा यंत्रांचाच प्रदेश आहे. येथला कोळसा आणि वीज राज्यभर जाते. येथली बुद्धीही तशीच बाहेर गेली आणि परतली नाही, तर या भूमीच्या पदरात राखेशिवाय काय उरणार?

यंत्रविद्येसाठी सीमोल्लंघन करणे मराठी माणसाला नवे नाही. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ साली अमेरिकेतील एमआयटीमधून यांत्रिक अभियांत्रिकीचे पदवीधर झाले, मायदेशी परतले आणि त्यांनी उद्योग विस्तारला. पण त्यांच्यामागे किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा होता. शिकलेले कोठे उपयोगी पडणार, हे जातानाच ठाऊक होते. आज जाणाऱ्या मुलामागे बहुधा वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी किंवा चार एकर धान असते.

म्हणून पहिला प्रश्न पैशाचा. साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाहक्काने पुढे जाते, परंतु ती हस्तांतरित करता येत नाही; म्हणजेच ती तारण ठेवता येत नाही. तारणाविना कर्ज देणाऱ्या खासगी वित्तसंस्थांचे व्याज चढे असते. शिष्यवृत्त्यांचे चित्रही नीट समजून घेतले पाहिजे. अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण व संशोधनासाठी आहे. बारावीनंतर लगेच जाणाऱ्यास त्यांचा उपयोग नाही.

दुसरा प्रश्न प्रवेशाचा. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरे. परंतु बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून, तर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात २०२४ पासून शुल्क लागू झाले आहे. शिवाय निर्वाहखर्चापोटी वर्षाचे ११,९०४ युरो बँकेत दाखवण्याची अट २०२४ पासून आहे. तेथे पदवीचे शिक्षण प्रामुख्याने जर्मन भाषेत होते. आपल्या बारावीवर थेट प्रवेशही सहसा मिळत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधील यश, भारतातील पदवीचे एक यशस्वी वर्ष किंवा तेथील पूर्वतयारी वर्ग, यांपैकी एक मार्ग धरावा लागतो.

तिसरा प्रश्न मान्यतेचा, आणि माहितीपत्रके नेमकी येथेच गप्प असतात. अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन करारात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आहेत. भारत २०१४ पासून त्याचा पूर्ण सदस्य आहे. ही मान्यता विद्यापीठाच्या नावाला नसून विशिष्ट अभ्यासक्रमाला असते. तेव्हा ‘विद्यापीठ कितव्या क्रमांकाचे?’ याआधी ‘हा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का?’ असे विचारावे. परतल्यावर पदवीच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२५ ची नियमावली आहे. तीही जाण्याआधी वाचावी, आल्यावर नव्हे.

या तिन्ही प्रश्नांचा मेळ घातला, तर आमचे मत स्पष्ट आहे. पूर्ण शिष्यवृत्ती हाती नसेल, तर अठराव्या वर्षी घर गहाण टाकून जाऊ नये. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून उभे आहे. तेथे किंवा नागपुरात पदवीचा पाया घालावा, शेजारच्या वीज केंद्रात, कारखान्यात प्रत्यक्ष काम पाहावे, फावल्या वेळात परकी भाषा शिकावी. पदवीनंतर शिष्यवृत्त्यांची कक्षा रुंदावते आणि आपल्याला नेमके काय शिकायचे, हेही उमगलेले असते.

जबाबदारी केवळ विद्यार्थ्याची नाही. एटापल्ली, भामरागडच्या आश्रमशाळेतील मुलापर्यंत ही माहिती दलालाच्या आधी पोहोचली पाहिजे. शासनाने तालुकास्थानी मार्गदर्शन केंद्रे उघडावीत. या भूमीतून खनिज नेणाऱ्या उद्योगांनी शिष्यवृत्तीबरोबरच परतणाऱ्यासाठी अभियंत्याची जागाही राखावी. परदेशी गेलेल्या अभियंत्यांनी आपल्या गावच्या एखाद्या मुलाचा हात धरावा. सीमोल्लंघन करणाऱ्याने सोने लुटून घरी यायचे असते. तो परतेल तेव्हा त्याच्यासाठी काम तयार ठेवणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.