स्वस्तातला कंडेन्सर माईक घ्यावा का? आधी तो कुठे लावणार ते ठरवा

लाइव्ह संगीत रेकॉर्ड करून देण्याचा छोटा धंदा सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, वीस हजारांच्या आतला लार्ज डायफ्रॅम कंडेन्सर चालेल, की थांबून महागडा घेऊ?"

माझं मत सरळ सांगतो. चालेल, थांबू नका. पण तो भजनाला, बैठकीला आणि कॉयरला चालेल. स्पीकरच्या भिंती लावलेल्या ऑर्केस्ट्राला नाही. हा फरक समजला नाही तर तीन लाखांचा माईकसुद्धा तुम्हाला वाचवणार नाही.

शांतता विकत घेऊ नका

या माईकचा पडदा साधारण एक इंचाचा असतो. त्याला 48 व्होल्टची फँटम पॉवर लागते आणि तो बारीकसारीक आवाज टिपतो. स्टुडिओत हा गुण आहे. पण आपल्या सांताक्रूझचा विचार करा. मुंबईच्या विमानतळाला लोक वर्षानुवर्षं 'सांताक्रूझ विमानतळ' म्हणत आले. त्यात वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, लोकल गाड्या आणि हॉलमधले पंखे. माईक हे सगळं ऐकणार.

आता जाहिरातीतले आकडे बघा. माईकचा स्वतःचा खरखराट, म्हणजे सेल्फ नॉइज, रोडच्या एनटी1-ए मध्ये 5 डेसिबल आहे, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी2035 मध्ये 12 आणि एटी2020 मध्ये 20. पहिला आकडा बघून हात लगेच खिशाकडे जातो. पण ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादाच दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. पंखे चालू, खिडक्या उघड्या अशा सभागृहात 5 आणि 12 मधला फरक कोणालाच ऐकू येणार नाही. तिथे शांत माईकसाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे मासळी बाजारात अत्तर शिंपडणं.

मग बघायचं काय?

लाइव्हसाठी मी तीन गोष्टी बघायला सांगतो.

पहिली, पॅड. पखवाजाची थाप किंवा टाळांचा गजर जवळून आला की रेकॉर्डिंग फाटतं. पॅडचं बटण दाबलं की आवाज माईकमध्येच 10 डेसिबलने खाली येतो.

दुसरी, लो कट. रस्त्याची घरघर आणि स्टेजवरच्या पावलांची धडधड यामुळे कमी होते. विमानाचा आवाज मात्र पूर्ण जात नाही. तिथे उपाय एकच, माईक गायकाजवळ न्या. अंतर निम्मं केलं की गायकाचा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो आणि बाकीचा गोंगाट मागे पडतो.

तिसरी, टाळ. स्वस्त कंडेन्सरमध्ये वरचे सूर बऱ्याचदा मुद्दाम उजळलेले असतात. एकट्या गळ्याला ते छान वाटतं, पण भजनात टाळ कानात घुसतात. म्हणून दुकानात "हॅलो, हॅलो" करून माईक घेऊ नका. टाळ घेऊन जा!

वरच्या तिघांत पॅड आणि लो कट दोन्ही बटणं फक्त एटी2035 वर आहेत. म्हणून स्टुडिओ असता तर मी एनटी1-ए म्हटलं असतं, पण भजनी मंडळासाठी माझं मत एटी2035 ला.

लावताना माईक मुख्य गायकासमोर तीन-चार फुटांवर, टाळकरी मागच्या रांगेत, आणि माईकची पाठ पंख्याकडे किंवा खिडकीकडे. कार्डिऑइड माईक पाठीमागचं कमी ऐकतो. हा फुकटचा नॉइज फिल्टर आहे, वापरा.

आणि जिथे मोठे स्पीकर आहेत तिथे? साउंडवाल्याशी आधीच बोला, त्याच्या मिक्सरमधून लाइन घ्या. तुमचा कंडेन्सर फक्त टाळ्या आणि हॉलचा माहोल टिपायला ठेवा.

आता हिशोब

समजा माईक 15,000 चा आहे आणि एका कार्यक्रमामागे खर्च जाऊन तुमच्या हातात 1,500 राहतात. दहा कार्यक्रमांत माईक वसूल. तीन लाखांचा घेतलात तर दोनशे कार्यक्रम! गंमत म्हणजे न्यूमनच्या प्रसिद्ध यू87 चा सेल्फ नॉइजही कार्डिऑइडवर 12 डेसिबलच आहे. दोन्ही माईक सारखे आहेत असं मी म्हणत नाही, अजिबात नाहीत. पण तुमचं गिऱ्हाईक ते रेकॉर्डिंग बहुतेक मोबाइलवर ऐकणार आहे.

म्हणून माझा नियम: एकूण भांडवलाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पैसे माईकवर घालू नका. उरलेल्यात जड पायाचा स्टँड, दोन चांगल्या केबल, फँटम पॉवर देणारा रेकॉर्डर आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. पावसाळ्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल विसरू नका. मुंबईच्या दमट हवेत कंडेन्सर तडतडायला लागतो. एसी गाडीतून काढून लगेच लावू नका, थोडा वेळ हवेला येऊ द्या.

शक्य असेल तर पहिले दोन-तीन कार्यक्रम भाड्याच्या माईकवर करा. काम मिळतंय का, हे आधी कळू दे.

शेवटचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. लग्नाच्या फोटोत एक फोटो हुकला तर दुसरा असतो. पंच्याहत्तरीतल्या बुवांचं भजन मात्र त्या दिवशी एकदाच होतं. केबल सुटली, बॅटरी संपली, तर ते परत येत नाही. म्हणून दर वेळी मोबाइलवर का होईना, दुसरं रेकॉर्डिंग चालू ठेवा. मंडळ तुम्हाला पुढच्या वर्षी परत बोलावेल ते माईकच्या ब्रँडमुळे नाही. बुवांचा आवाज तुम्ही सुखरूप त्यांच्या हातात दिलात, म्हणून बोलावेल.