सावकार गेटवर, कायदा कपाटात

कर्जवसुलीचा माणूस कामगाराच्या घराचे दार सोडून कारखान्याच्या गेटवर का उभा राहतो? पत्ता सापडत नाही म्हणून नव्हे. घरी कर्जदाराची अब्रू जाते. गेटवर अब्रू आणि भाकरी दोन्ही पणाला लागतात, हे त्याला पुरते ठाऊक असते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्याची नोकरी तर ठेकेदाराच्या मर्जीवर असते. ‘आधी बाहेरचे मिटव, मग कामावर ये’ एवढे एक वाक्य त्याला पुरते.

व्यवस्थापन म्हणते, हा कामगाराचा खाजगी मामला आहे. खेदाची गोष्ट ही की आपल्यातले काही कार्यकर्तेही तेच म्हणतात. ‘कर्ज काढताना युनियनला विचारले होते काय?’ हा त्यांचा सवाल. ज्या पगारात आजारपण, घरभाडे आणि मुलांची फी भागत नाही, त्या पगाराची तूट कर्जाने भरली जाते. मग पगार हा लढ्याचा प्रश्न आणि त्याच्या तुटीतून आलेले कर्ज मात्र खाजगी, हा कुठला न्याय?

परकीय सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगालाही हे दिसले होते. वसुलीसाठी कारखान्याला वेढा घालणे हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस त्याने १९३१ मध्ये केली. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने, दडपण आणण्याच्या हेतूने कर्जदाराच्या राहत्या वा कामाच्या जागी घुटमळणे, त्याचा पाठलाग करणे हा छळ मानून शिक्षापात्र ठरविला. त्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यातही छळ हा गुन्हाच आहे, आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार पोलिसांकडे आणि सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पोलीस ठाण्याने हात झटकले तर पोलीस आयुक्तांकडे लेखी अर्ज आणि त्यापुढे न्यायदंडाधिकारी, असा मार्ग मोकळा आहे.

बँका सावकारी कायद्याबाहेर आहेत. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. पण त्यांनाही रान मोकळे नाही. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने धमकी, चारचौघांतला अपमान आणि सकाळी आठपूर्वी वा सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन यांना मनाई केली. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. धमकी हा तर कोणीही दिली तरी फौजदारी गुन्हाच.

धनकोला न्यायालयाचा मार्ग खुला आहे. तो आम्ही नाकारत नाही. समन्स आले तर हजर राहिलेच पाहिजे, नाहीतर एकतर्फी हुकूमनामा होतो. परंतु हुकूमनाम्यानंतरही पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोनतृतीयांश यांना जप्तीचा हात लागत नाही. सोळा हजार पगार असेल तर जास्तीत जास्त पाच हजार जप्त होतात. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण सुरक्षित आहेत. न्यायालयाच्या आदेशावाचून मालकाने परस्पर पगार कापून सावकाराच्या हाती देणे बेकायदा आहे. आणि निव्वळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येत नाही, हे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात ठणकावून सांगितले आहे.

एवढे असूनही कायदा कपाटात राहतो, कारण कर्जदार एकटा असतो आणि शरमेने मान खाली घालून उभा असतो. ही शरम हेच सावकाराचे खरे भांडवल आहे. गेटवर वसुलीवाला दिसताच युनियनने तारीख-वेळ टिपावी, साक्षीदार उभे करावेत, व्यवस्थापनाला लेखी बजावावे आणि पोलीस ठाण्यात कामगारासोबत चार जणांनी जावे. बोनससाठी गेटसभा घेणाऱ्या संघटनेला आपल्याच सभासदाची त्याच गेटवर होणारी विटंबना दिसत नसेल, तर त्या सभासदाने तिची वर्गणी तरी कशासाठी भरावी?